पगारवाढीचा प्रस्ताव हाती येईल तेव्हा

अनेक उत्तम आशीर्वाद.

टेक्सासमधल्या शहराच्या अर्थसंकल्प विभागात तुझी नेमणूक झाल्याचे वाचून आनंद झाला. पहिल्याच वर्षी पोलीस आणि अग्निशमन दल या दोघांचेही पगाराचे करार संपत असल्याचे तू लिहिले आहेस. आपल्याकडे पोलिसांचा पगार राज्याच्या तिजोरीतून निघतो आणि अग्निशमन दलाचा महापालिकेच्या, त्यामुळे या दोघांची एकाच हिशेबात गाठ सहसा पडत नाही. तिथे मात्र दोन्ही खर्च शहराच्या एकाच सर्वसाधारण निधीतून भागतात आणि एका दलाला दिलेली टक्केवारी दुसऱ्या दलाच्या वाटाघाटींत लगेच पुढे केली जाते.

कामाला लागण्यापूर्वी ह्यूस्टनचे प्रकरण मुळापासून वाचून काढ. तिथल्या अग्निशमन जवानांचा करार 2017 साली संपला, बोलणी फिसकटली आणि संघटनेने प्रश्न थेट मतदारांपुढे नेला. नोव्हेंबर 2018 मध्ये मतदारांनी जवानांना समकक्ष दर्जाच्या पोलिसांइतका पगार देण्याचा प्रस्ताव मंजूर केला. शहराला हा बोजा पेलणार नाही, असे सांगून महापौर सिल्व्हेस्टर टर्नर यांनी त्याला विरोध केला होता. पोलिसांची संघटनाही त्याविरुद्ध न्यायालयात गेली. मला मात्र यात सर्वांत बोलकी वाटते ती आणखी मागची गोष्ट. याच शहराच्या मतदारांनी 2004 साली मालमत्ता कराच्या उत्पन्नवाढीवर मर्यादा घालून ठेवली होती. हे लोकांच्या अज्ञानामुळे घडले असे म्हणण्याचा मोह टाळ. दोन प्रश्न चौदा वर्षांच्या अंतराने, सुटेसुटे विचारले गेले की उत्तरे अशीच येतात आणि त्यांची तोंडमिळवणी अर्थसंकल्प विभागाच्या गळ्यात पडते.

2023 साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तो प्रस्ताव रद्दबातल ठरवला. राज्याच्या कायद्यानुसार जवानांच्या पगाराची तुलना खासगी क्षेत्रातल्या तशाच कामाशी व्हायला हवी, असे त्याचे कारण. (खासगी क्षेत्रात शहरभर आगी विझवणारे कितीसे लोक असतात, हे मला विचारू नकोस.) पण बोलणी फिसकटल्यास पगार न्यायालयाकडून ठरवून घेण्याचा जवानांचा मार्गही त्याच निकालाने मोकळा केला आणि शहर खटल्याचा एक भाग जिंकूनही अडचणीत आले. 2024 मध्ये नवे महापौर जॉन व्हिटमायर यांनी तडजोड केली: सुमारे 65 कोटी डॉलरची थकबाकी आणि पाच वर्षांत कमाल 34 टक्क्यांपर्यंत वाढ. थकबाकीसाठी कर्जरोख्यांचा मार्ग धरावा लागला, म्हणजे 2017 पासून अडलेला पगार शहर आता व्याजासह फेडणार. तेव्हा पगारवाढ लांबवणे ही बचत आहे असे तुला कोणी सांगितले, तर ती रक्कम बचतीच्या रकान्यात मुळीच धरू नकोस. ते देणेच आहे, फक्त त्याचा आकडा अजून ठरायचा आहे.

समान पगाराच्या मागणीत एक बारकावा हमखास सुटतो. 28 दिवसांच्या चक्रात अग्निशमन जवानाकडून 212 तासांपर्यंत आणि पोलिसाकडून 171 तासांपर्यंत ओव्हरटाइमचा दर न देता काम घेण्याची मुभा अमेरिकेचा केंद्रीय कायदा शहरांना देतो. त्यामुळे दोघांचा वार्षिक पगार सारखा दिसला तरी ताशी दर सारखा असेलच असे नाही. शिवाय बंबावर ठरावीक माणसे लागतातच. पद रिकामे असेल तर दुसऱ्या कोणाला तरी दीडपट दराने थांबवून घ्यावे लागते आणि रिक्त पदांतून वाचलेला पैसा ओव्हरटाइममध्ये निघून जातो. मूळ पगार वाढला की हा दरही वाढतो आणि पेन्शनचा बोजाही, म्हणून 10 टक्के वाढीचा खर्च केवळ मूळ पगारावर मोजणारा तक्ता तुझ्याकडे आला तर तो सरळ परत पाठव.

सुनावणीच्या दिवशी दोन्ही दलांची माणसे गणवेशात सभागृहात बसलेली असतील. पाच वर्षांच्या खर्चाचा तक्ता त्यांच्या संघटनांना त्याआधीच देऊन ठेव, म्हणजे वाद निदान एकाच आकड्यांवर होईल. मसुदा तयार झाला की ओव्हरटाइमचे पान मला आधी पाठव.