‘तूही त्यांना सामील आहेस का?’

प्रश्न : माझे मिस्टर ४८ वर्षांचे, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गेल्या दिवाळीपासून म्हणतात, ‘विजेशिवाय चालणारी मोटार मला सापडलीय.’ दिल्लीला पत्रं पाठवतात. एका मोठ्या कंपनीची माणसं मागावर आहेत, शेजाऱ्यांनी सीसीटीव्ही आपल्याच दारावर रोखलाय, असं त्यांचं म्हणणं. रात्री फोन तांदळाच्या डब्यात ठेवतात. बाकी दुकान, हिशेब, गिऱ्हाइकं सगळं व्यवस्थित. सासूबाई म्हणतात, करणी झालीय. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाले, ‘मला वेडा ठरवतेस? तूही त्यांना सामील आहेस का?’ मुलगी दहावीला आहे, ती त्यांच्यासमोर यायला घाबरते. हो ला हो म्हणू, की भांडू?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर :
ताई, ‘तूही सामील आहेस का’ हे तुमच्या जिव्हारी लागलं असणार. पण ते वाक्य घाबरलेल्या माणसाचं आहे. स्वतःच्या घरात फोन तांदळात पुरून झोपणारा माणूस किती दहशतीत असेल, हे आधी मनात धरा. म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

हो ला हो म्हणू नका आणि भांडूही नका. असा पक्का बसलेला समज म्हणजे भ्रम, आणि भ्रम पुराव्याने हलत नाही. शेजाऱ्यांनी उद्या कॅमेरा फिरवला, तर ते म्हणतील, ‘बघ, पकडले गेले म्हणून फिरवला.’ मोठेपणाचा भ्रम आणि कुणीतरी मागे लागल्याचा भ्रम एकमेकांना टेकू देत असतात. शोध एवढा मोठा, म्हणजे चोरायला कुणी टपलेलं असणारच. आणि एवढे लोक मागे लागलेत, म्हणजे शोध मोठाच! त्यांच्या दृष्टीने हिशेब चोख जुळतो. हुशारीनेही यातून सुटका होत नाही. जॉन नॅश या अमेरिकन गणितज्ञाने १९५९ मध्ये शिकागो विद्यापीठाचं मानाचं पद नाकारलं, कारण आपण अंटार्क्टिकाचे सम्राट होणार आहोत अशी त्याची खात्री होती. त्याच माणसाला १९९४ मध्ये नोबेल मिळालं. तेव्हा ‘एवढे शहाणे असून असं कसं बोलता?’ हा प्रश्न घरात कुणी विचारू नये.

नेमका आजार कोणता, हे पत्रावरून सांगता येणार नाही, ते मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील. पण काही गोष्टी तुम्हीच नीट बघू शकता. त्यात पहिली झोप. दोन-तीन तास झोपूनही ताजेतवाने, अखंड बोलणं, पैशांची उधळण असं असेल तर तो मॅनिया असू शकतो आणि त्याची औषधं वेगळी असतात. कानात आवाज येणं, एकटंच बोलणं, बोलण्याचा धागा तुटणं असं दिसलं तर डॉक्टर स्किझोफ्रेनियाचा विचार करतील. महिन्याहून जास्त काळ हाच एक समज घट्ट आणि बाकी व्यवहार शाबूत, अशाला डिल्यूजनल डिसऑर्डर म्हणतात. तुमचं वर्णन मला त्याच्या जवळचं वाटतं. मात्र पन्नाशीच्या आसपास हे पहिल्यांदाच सुरू झालं असेल, तर थायरॉइड, स्टेरॉइडच्या गोळ्या, दारू किंवा गांजा, मेंदूचा एखादा आजार यांपैकी काही नाही ना, हे तपासावंच लागतं. म्हणून आधी तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे न्या. त्यात फसवणूक नाही, ती तपासणी खरोखरच गरजेची आहे.

त्यांना म्हणा, ‘मला कुणी मागावर दिसलं नाही. पण तुम्हाला त्रास होतोय, हे मला दिसतंय. रात्री दोनदा उठून कडी तपासता, धड जेवत नाही. झोपेसाठी तरी दाखवून येऊ.’ मोटारीचा विषय त्यांनी काढला तर ऐका, मत देऊ नका. एका दिवसात तयार होणार नाहीत. पुन्हा, शांतपणे, दुसऱ्या दिवशी. त्यांचा ज्याच्यावर विश्वास आहे असा मित्र किंवा भाऊ असेल तर त्याला सोबत घ्या.

आणि एक कळकळीची विनंती : चहात, आमटीत गोळी कालवू नका. ‘त्यांना कळतही नाही’ असा सल्ला देणारं कुणीतरी तुम्हाला भेटेलच. आधीच कटाच्या संशयात असलेल्या माणसाला जेवणात औषध सापडलं, तर त्याचा संशय खरा ठरतो आणि त्याचा उरलासुरला विश्वासही जातो. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि तोवर तुमच्यावरचा विश्वासच त्यांना उपचारात टिकवून ठेवेल.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना दिवा लावू दे, अंगारा लावू दे. पण उपाशी ठेवणं, बांधून ठेवणं, चटके, मार यातलं काहीही होऊ द्यायचं नाही.

ते तयार होईपर्यंत तुम्ही एकट्या जाऊन मानसोपचारतज्ज्ञांना भेटू शकता. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतून बोलता येतं. जाताना तारखा, झोप, खर्च, घेत असलेल्या सगळ्या गोळ्या असं कागदावर लिहून न्या. माणसाच्या इच्छेविरुद्ध दाखल करणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार सहज होत नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा स्वतःची काळजी घेणंच जमत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांसह दोन तज्ज्ञ स्वतंत्रपणे तपासतात. त्यानंतरही पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. ते शेजाऱ्यांवर धावून गेले, हत्यार जवळ ठेवू लागले किंवा मरणाची भाषा करू लागले, तर मात्र वाट बघू नका. ११२ ला फोन करा आणि मुलीला घेऊन बाहेर पडा. शेजाऱ्यांनाही थोडी कल्पना देऊन ठेवा.

‘शोधा’साठी कर्ज काढलंय का, दुकानाची कागदपत्रं कुठे आहेत, तेही याच आठवड्यात बघून घ्या.

मुलीपासून लपवू नका. तिला सांगा, ‘बाबांना एक आजार झालाय, आपण उपचार करतोय. तुझ्यामुळे झालेलं नाही, आणि त्यांना बरं करणं ही तुझी जबाबदारी नाही.’ परीक्षेपर्यंत अभ्यासाला मामाकडे किंवा मावशीकडे जावंसं वाटलं तर जाऊ द्या.