बारा पाहुणे, 'आपापला पास्ता' आणि एक लहानसा ओटा: बेत कसा जमवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शनिवारी रात्री १२ जण जेवायला येणार, त्यात दोघं जैन आणि दोन लहान मुलं. सगळं सामान मांडून ठेवायचं आणि ज्याने त्याने आपल्या आवडीचा पास्ता करून घ्यायचा, असा बेत आहे. घरी दोन बर्नरची शेगडी, एक इंडक्शन आणि जेमतेम ओटा. सामान किती लागेल, आधी काय करून ठेवता येईल आणि पास्त्याचा गोळा होऊ नये म्हणून काय करायचं?

आधी तो 'करून घ्यायचा' शब्द थोडा बदला. पाहुण्यांनी निवडायचं, परतायचं तुम्ही. बाराही जणांना शेगडीपाशी उभं केलंत तर कुणी लसूण जाळेल, कुणी पॅनमध्ये तीन माणसांचं सामान ओतेल आणि मुलं विस्तवाजवळ घुटमळतील. त्यापेक्षा प्रत्येकाच्या हातात एक मोठा बोल द्या. त्यात त्याने पास्ता आणि भाज्या घ्याव्यात, सॉस कुठला ते सांगावं आणि बोल तुमच्याकडे द्यावा. तीन मिनिटांत ताट तयार.

आता त्या तीन मिनिटांचा हिशेब. २२ ते २४ सेंटीमीटरच्या पॅनमध्ये एका वेळी एकाचाच पास्ता नीट होतो. तीन मिनिटं परतायला, एक मिनिट पॅन पुसायला. एकाच पॅनवर १२ ताटं म्हणजे ४८ मिनिटं, आणि शेवटच्याला वाढेपर्यंत पहिल्याचं जेवून हात धुऊन झालेले. दोन पॅन चालवले तर २४ मिनिटं. त्यामुळे दोन्ही बर्नर पॅनसाठीच ठेवा आणि दुसऱ्या पॅनवर घरातलं कुणीतरी हाताशी घ्या. इंडक्शन सॉस गरम ठेवायला लागेल. शेजाऱ्यांकडून आणखी एक इंडक्शन आणून दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला लावायचा मोह मात्र टाळा. २००० वॅटचं एक इंडक्शन साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतं. दोन मिळून १६ अँपिअरच्या सॉकेटच्याही वर जातात, आणि साधा एक्स्टेन्शन बोर्ड तर त्याआधीच तापतो.

पास्ता घेताना पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. घटकांत 'ड्यूरम' गव्हाचा रवा हवा. ड्यूरम म्हणजे कुणी परका गहू नव्हे. आपला बन्सी गहू त्याच जातीचा. त्याच्या रव्याचा पास्ता शिजल्यावरही दाताला थोडा लागतो. मैद्याचा स्वस्त पास्ता उकळताना पाणी खळीसारखं करतो आणि दुसऱ्यांदा गरम केला की मोडतो. इथे तर आपण तो दोनदाच शिजवणार आहोत, म्हणून या बाबतीत काटकसर नको. आकार दोनच ठेवा, नळीसारखा पेने आणि मळसूत्रासारखा फुसिली. स्पॅगेटी नको: थंड झाली की तिची वेणी होते आणि एका ताटापुरती वेगळी काढता येत नाही. फुलपाखराच्या आकाराचा फारफाले दिसतो छान, पण त्याची मधली चुणी कच्ची राहते तोवर पंख मऊ पडतात.

मोठ्यांना ८० ग्रॅम आणि मुलांना ५० ग्रॅम कोरडा पास्ता, असे एकूण ९०० ग्रॅम होतात. ५०० ग्रॅमची दोन पाकिटं आणा, म्हणजे दुसऱ्यांदा मागणाऱ्यांचीही सोय होते. शिजून तो दुपटीपेक्षा थोडा जास्त, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास भरतो.

गोळा होण्याचं खरं कारण कळलं की उपाय सोपा आहे. शिजलेल्या पास्त्याच्या अंगावर ओला स्टार्च असतो. चाळणीत ढीग करून ठेवला तर तो आपल्याच वाफेत शिजत राहतो आणि ते स्टार्चचे थर एकमेकांना चिकटतात. उकळत्या पाण्यात तेल घालून काही होत नाही. तेल वर तरंगतं आणि पाण्यासोबत सिंकमध्ये जातं. शिजल्यावर नळाखाली धुणंही नको, कारण सॉस धरून ठेवणारा स्टार्चच त्यात निघून जातो. मग करायचं असं: पाच लिटर पाण्याला खळखळून उकळी आणा, त्यात ४० ग्रॅम मीठ (साधारण सव्वादोन टेबलस्पून) घाला आणि एका वेळी एकच पाकीट टाका. पहिली दोन मिनिटं सतत ढवळा, कारण बुडाशी चिकटायचा तो याच वेळात चिकटतो. पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर ९ मिनिटांनी बाहेर काढा. एक नळी मधोमध तोडून बघा. आत पांढरट ठिपका दिसला पाहिजे. निथळून लगेच मोठ्या परातीत एका थरात पसरा, ५०० ग्रॅमला एक टेबलस्पून तेल चोळा आणि पंख्याखाली ठेवा. दहा मिनिटांत थंड होतो. तेल याहून जास्त झालं तर सॉस घसरून ताटाच्या तळाशी जमतो.

दुसरं पाकीट त्याच पाण्यात शिजवा, फक्त आटलं तेवढं पाणी वाढवून. दुसऱ्या खेपेचं पाणी जास्त गढूळ असतं आणि आपल्याला तेच हवंय. त्यातलं दीड लिटर गाळून ठेवा आणि पाहुणे यायच्या वेळी उकळून थर्मासमध्ये भरा. पॅनमध्ये सॉस आणि तेल वेगवेगळे पडलेले असतात. हे दोन-तीन चमचे पाणी घालून मोठ्या आचेवर हलवलं की त्यातला स्टार्च दोघांना एकत्र आणतो आणि सॉस पास्त्याला चकचकीत लपेटतो. साध्या गरम पाण्याने सॉस नुसता पातळ होतो. हे पाणी खारट असतं, म्हणून सॉसमध्ये मीठ हात राखूनच घाला.

थंड झालेला पास्ता लगेच वाट्यांत किंवा पिशव्यांत भरून टाका: मोठ्यांसाठी १८० ग्रॅम, मुलांसाठी ११०. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पहिले चार जण निम्मा पास्ता घेऊन जातात. फ्रीजमध्ये रात्रभर छान राहतो. सकाळी कडक वाटला तर घाबरू नका, सॉसमध्ये मिनिटभर हलवल्यावर मऊ होतो.

सॉस तीन पुरेत: लाल, पांढरा, हिरवा. चौथा केलात तर निम्मा उरेल आणि रांगेतला माणूस विचार करत उभा राहील.

लाल सॉस कांदा-लसणाशिवायच करा आणि लसूण वेगळा ठेवा. एकाच पातेल्यावर सगळ्यांचं भागतं. कांदा नसल्यावर सॉसला अंग राहत नाही, ती उणीव लाल भोपळा भरून काढतो. दोन किलो लांबट, पिकलेले टोमॅटो घ्या. गोल गावठी टोमॅटो आंबट आणि पाणचट पडतात. त्यांना उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून सालं काढा. १५० ग्रॅम उकडलेला भोपळा घालून मिक्सरमधून फिरवा आणि गाळा. ६० मिलिलिटर ऑलिव्ह तेलात, झाकण न ठेवता, मध्यम आचेवर ३५ ते ४० मिनिटं आटवा. चमच्याने पातेल्याच्या बुडावर रेघ ओढली की ती क्षणभर तशीच राहायला हवी. साधारण लिटरभर सॉस होतो. आंबटपणा पाहून चमचाभर साखर, थोडं मीठ आणि शेवटी बेसिलची पानं घाला. कुणाला गुलाबी सॉस हवा असेल तर क्रीम गॅस बंद केल्यावर घाला. उकळत्या टोमॅटोत पडलं की ते फाटतं.

पांढऱ्या सॉसला ४५ ग्रॅम लोणी, ४५ ग्रॅम मैदा आणि ७५० मिलिलिटर दूध लागतं. मैदा लोण्यात दोन मिनिटं परता, पण रंग बदलू देऊ नका. दूध तीन खेपांत घाला आणि प्रत्येक वेळी गुठळी मोडली की पुढचं ओता. सॉसला एक उकळी यायलाच हवी, नाहीतर मैद्याची कच्ची चव राहते. शेवटी जायफळ आणि ६० ग्रॅम प्रोसेस्ड चीज. मोझरेला इथे नको: तारा सुटतात आणि सॉसमध्ये रबरी गाठी होतात. प्रोसेस्ड चीज मात्र गुळगुळीत वितळतं. एरवी त्याला नाकं मुरडली तरी या कामात त्याचाच हात वर. हा सॉस नुसता ठेवला तरी घट्ट होत जातो, म्हणून २५० मिलिलिटर गरम दूध बाजूला असू द्या. वर साय धरू नये म्हणून लोण्याचा हात लावलेला बटर पेपर थेट सॉसला टेकवून ठेवा.

हिरव्या सॉससाठी, म्हणजे पेस्टोसाठी, इटालियन बेसिल हवी. अंगणातली तुळस चालत नाही, तिचा लवंगेसारखा उग्र वास सगळ्यावर मात करतो. सब्जाचं बी ज्या झाडाचं, ते मात्र बेसिलचंच भावंड. ८० ग्रॅम पानं उकळत्या पाण्यात दहा सेकंद, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग घट्ट पिळून घ्या. यामुळे ती काळी पडत नाहीत. ४० ग्रॅम काजू किंवा अक्रोड, १०० मिलिलिटर थंड ऑलिव्ह तेल, ५० ग्रॅम चीज घालून थांबत थांबत वाटा. मिक्सर तापला की रंग गेला. एका ताटाला दोन चमचे पुरतात. पेस्टो पॅनमध्ये गॅस बंद केल्यावरच घालायचा.

चीजचा एक मुद्दा बहुतेकांना ठाऊक नसतो. अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या पाचकरसाने विरजतात. जैन आणि कडक शाकाहारी पाहुण्यांसाठी हिरवा ठिपका असलेलं चीजच आणा आणि पेस्टोतही तेच वापरा. जैन पाहुण्यांना आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: सूर्यास्तानंतर जेवतात का आणि मश्रूम चालतात का. पहिलीचं उत्तर 'नाही' असेल तर सगळा बेतच दुपारचा करावा लागेल. त्यांच्यासाठी एक पॅन आणि एक पळी वेगळी ठेवा, आणि त्या पॅनमध्ये लसूण किंवा चिकन शेवटपर्यंत जाऊ देऊ नका. त्यांची ताटं आधी काढलीत की तो पॅन मग सगळ्यांसाठी मोकळा.

वरच्या सामानात सहा-सात वाट्या पुष्कळ झाल्या: ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, ब्रोकोली, झुकिनी, मश्रूम, ऑलिव्ह, आणि हवं तर चिकन. माणशी १०० ग्रॅम भाज्या आणि खाणाऱ्यांपुरतं ७० ग्रॅम चिकन धरा. सगळं दीड सेंटीमीटरचं कापा, आणि काहीही कच्चं मांडू नका. ब्रोकोली मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढा. मश्रूम आधीच मोठ्या आचेवर परतून त्यांचं पाणी आटवा, नाहीतर ते पाणी ताटात सुटतं. चिकन पूर्ण शिजवून फ्रीजमध्ये ठेवा आणि आयत्या वेळी बाहेर काढा. ओरेगानो आणि चिली फ्लेक्स विकत आणू नका, पिझ्झ्यासोबत आलेल्या पाकिटांचा साठा तुमच्याही ड्रॉवरमध्ये असेलच.

रांग खोळंबते ती निवडीपाशी. 'तुम्हाला काय हवं?' विचारलं की माणूस गोंधळतो. कागदावर तीन जोड्या मोठ्या अक्षरांत लिहून समोर लावा: लाल सॉस, ढोबळी मिरची, ऑलिव्ह; पांढरा सॉस, मका, ब्रोकोली; पेस्टो, झुकिनी, अक्रोड. बहुतेक जण यातलीच एक उचलतात.

मांडणी रांगेच्या क्रमाने हवी: बोल, पास्त्याच्या वाट्या, भाज्या, मग शेगडी. लाल आणि पांढऱ्या सॉसची पातेली गरम पाण्याच्या पसरट भांड्यात बसवून ते भांडं इंडक्शनवर मंद ठेवा. लोहचुंबक बुडाला चिकटत असेल तरच ते भांडं इंडक्शनला चालतं. पॅनमध्ये एक चमचा तेल, लसूण हवा असल्यास वीस सेकंद, भाज्या मिनिटभर, पळीभर म्हणजे १०० मिलिलिटर सॉस, पास्ता, थर्मासमधलं दोन-तीन चमचे पाणी आणि मोठ्या आचेवर मिनिटभर हलवणं. पॅनमध्ये असताना सॉस किंचित पातळच दिसायला हवा, ताटात जाईपर्यंत पास्ता तो शोषून घेतो. चीज गॅस बंद केल्यावर. जैन पाहुण्यांसोबतच मुलांची ताटंही पहिल्या फेरीत काढा, आणि बाकीच्यांच्या हातात तोवर सूप आणि गार्लिक ब्रेड असू द्या.

लाल सॉस, भाज्या आणि पास्ता शुक्रवारी रात्री होऊ शकतात. पेस्टो आणि पांढरा सॉस शनिवारीच करा. उरलेला पेस्टो बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. सॉस न लावलेला पास्ता रविवारी संपवा, त्यापुढे तो लिबलिबीत होतो.