मुलगी क्वांटम म्हणतेय, बीएड करू दे का?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी सांगलीत बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला, तिला क्वांटम कॉम्प्युटरमध्ये जायचंय, घरचे म्हणतात बीएड कर, त्यात कुणीतरी ४५ हजाराचा तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स गळ्यात मारतंय, आणि तुम्ही बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला मेंटेनन्स बघता म्हणून "आपल्याला यातलं काय कळणार" असं लिहिलंय. दादा, यातलं खरं दुखणं तुम्हाला आधीच कळतं.

क्वांटम कॉम्प्युटरमध्ये माहिती ठेवणारा सगळ्यात लहान घटक म्हणजे क्युबिट, आणि तो फार नाजूक. जरा उष्णता लागली, आसपासचं चुंबकीय क्षेत्र हललं, की त्याची अवस्था मोडते, याला डिकोहिरन्स म्हणतात. म्हणून सुपरकंडक्टिंग क्युबिट, म्हणजे थंडीत विजेला अडथळा न करणाऱ्या धातूचे, डायल्यूशन फ्रिज नावाच्या अतिथंड फ्रिजमध्ये १० ते २० मिलीकेल्विनला ठेवतात, म्हणजे उणे २७३.१५ अंशांच्या वर एका अंशाचा जेमतेम शंभरावा-पन्नासावा भाग. पण क्युबिटला सिग्नल द्यायला वायर तर आत न्यावीच लागते ना, आणि तीच वायर बाहेरची उष्णता नि नॉइज, म्हणजे नको ते सिग्नल, आत घेऊन जाते, मग टप्प्याटप्प्यावर सिग्नलचा जोर कमी करणारे अटेन्युएटर, नको ते गाळणारे फिल्टर बसवत जायचं. तुमच्याकडं चेंबरच्या दाराचं गॅस्केट फाटलं की कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकतो, तसलीच ही झुंज, फक्त लई बारीक.

एवढं करूनही चुका होतातच. गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९५ मध्ये एका क्युबिटची माहिती ९ क्युबिटांत पसरून चूक दुरुस्त करायची पद्धत दिली, आणि २०२४ मध्ये गुगलच्या विलो चिपवर दिसलं की क्युबिटची जाळी मोठी केली तशा चुका कमी झाल्या. काम अजून खूप बाकी आहे, म्हणून तर माणसं लागतायत.

आता तिचं. तो कोर्स घेऊ नका, किस्किट हे क्वांटम प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर फुकट शिकता येतं. लिनिअर अल्जेब्रा पक्कं करायचं, पायथन, आणि इलेक्ट्रॉनिक्सचं एकही प्रॅक्टिकल बुडवायचं नाही. तिसऱ्या वर्षाला आयआयटी जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यायची, मग एमएस्सी, मग पीएचडी. वाट लांब आहे हे लपवत नाही, पण पीएचडीला स्टायपेंड मिळतो. केंद्रानं २०२३ मध्ये ६,००३ कोटींचं नॅशनल क्वांटम मिशन मंजूर केलंय, त्यातलं सेन्सिंगचं, म्हणजे क्वांटमनं बारीक मोजमाप करण्याचं, केंद्र आयआयटी बॉम्बेला आहे. बीएड नंतरही करता येईल, ते कुठं पळून जात नाही.

आणि या रविवारी तिला कामावर घेऊन जा. गॅस लीक कसा शोधता ते दाखवा, साबणाच्या फेसानं शोधत असाल तरी चालेल, तिकडं लॅबमध्ये हेलियमनं शोधतात.