सगळ्यांना मदत, एकाला सोडून

"मॅडम, मला कुणाला नाही म्हणताच येत नाही" हे वाक्य माझ्याकडे समुपदेशनात महिन्यातून दोन-तीनदा तरी येतंच, आणि बहुतेकांना वाटतं आपला स्वभावच भोळा. काहींचा असतोही. पण एका दादांचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

नाशिकचे, सातपूरला नोकरी, सिडकोत घर. सोसायटीत कुणी आजारी पडलं की रात्री दोनला गाडी काढणार, कंपनीत कुणालाही उसने देणार, त्यातले कितीतरी बुडालेले, आणि आता एका सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहायला निघालेले म्हणून बायकोच घेऊन आली. हे कधीपासून विचारलं तर ती म्हणाली, आधी असे नव्हते हो, दोनेक वर्षं झाली.

दोन वर्षांपूर्वीचं तिसऱ्या सेशनला निघालं. दिंडोरीकडे धाकटा भाऊ द्राक्षबाग करतो, मार्चात गारपीट झाली, काढणीला आलेला माल गेला, त्याने पन्नास हजार मागितले नि यांनी हप्त्यांचं कारण सांगितलं. पैसे होते. भावजयीचे दागिने मोडावे लागले, तेव्हापासून बोलणं बंद. सांगताना माझ्याकडे बघतच नव्हते.

मी त्यांना अमेरिकेतला एक प्रयोग सांगितला, डेनिस रीगन आणि सहकाऱ्यांचा, 1972 साली प्रसिद्ध झालेला. शॉपिंग सेंटरमध्ये एक माणूस बायकांना फोटो काढायला सांगायचा, कॅमेरा चालायचा नाही, मग काहींना म्हणायचा तुमच्यामुळे बिघडला, काहींना तुमचा काही दोष नाही. पुढे भलत्याच एका बाईच्या फाटक्या पिशवीतून सामान सांडत असायचं. दोष नाही म्हटलेल्यांपैकी 15 टक्के मदतीला थांबल्या, दोष दिलेल्यांपैकी 55. पण मदत मिळाली पिशवीवालीला, कॅमेरेवाला तिथेच राहिला ना!

दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, म्हणजे मी दोन वर्षं पिशव्याच उचलतोय.

ती टोचणी वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, पण भलत्याच पत्त्यावर कितीही फेडा, फिटत नाही. मी एवढंच सुचवलं की पाकीट घेऊन जाऊ नका, आधी 'पैसे होते, तरी दिले नाहीत' हे तोंडाने सांगा.

ऑक्टोबरात गेले. भाऊ चिडला, नको नको ते ऐकवलं, पैशाचं नावही काढू दिलं नाही, पण छाटणीला माणसं कमी आहेत, दोन दिवस थांब म्हणाला. थांबले. परत आल्यावर जामिनाला नाही सांगितलं. रात्रीची गाडी मात्र अजून काढतात, बायकोने विचारलं हेही बंद करायला लावू का, म्हटलं नको, ते राहू दे.