बसमध्ये राउटर बसवल्यापासून बॅटरी उतरते, ड्रायव्हरची चूक आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे की संस्थेच्या फिरत्या तपासणी बसमध्ये सिमकार्डवाला राउटर बसवला, तेव्हापासून अधूनमधून सकाळी बस सेल्फ घेत नाही, बसवून देणारा म्हणतो ड्रायव्हर आतली लाईट चालू ठेवून घरी जातो, तर राउटर रात्री बंद ठेवावा का, आणि आतल्या गावांत रेंज कशी वाढवावी. खरं तर मी इथे फक्त वाचायला येतो, पण तुमच्या प्रश्नातलं 'ड्रायव्हर निष्काळजी असू शकतो का' हे वाक्य वाचलं आणि मला राहवलं नाही.

नाही. तुमच्या ड्रायव्हरला मी ओळखत नाही तरी सांगतो, आधी वायरिंग बघा.

मी एक्सरे टेक्निशियन. नंदुरबार जिल्ह्यात एका संस्थेच्या बसवर तीन वर्षं काढली. छातीचे एक्सरे काढायचे आणि राउटरवरून शहरातल्या डॉक्टरांकडे पाठवायचे, संशयित क्षयरोगी असला तर त्याच दिवशी थुंकीचा नमुना घ्यायचा. मुक्काम शहाद्याला, तिथून तळोदा, अक्कलकुवा, धडगावकडचे पाडे. राउटर बंद म्हणजे रिपोर्ट नाही, आणि रिपोर्ट नाही म्हणजे पाच किलोमीटर चालत आलेल्या माणसाला 'परत या' सांगायचं. तो परत येत नाही. म्हणून राउटर ही आमच्याकडे चैनीची वस्तू नव्हती.

बसचे ड्रायव्हर आबा. पन्नाशी ओलांडलेले, आधी ट्रक चालवलेला माणूस. राउटर बसवून महिना झाला असेल, एका सोमवारी बस सेल्फ घेईना. नुसतं टक टक. दुसऱ्या गाडीवरून जंपर लावून चालू केली, कॅम्पला दोन तास उशीर. ऑफिसला कळवलं तर राउटर बसवणाऱ्या पार्टीचा माणूस आला, डॅशबोर्डवरचा व्होल्टचा काटा बघितला, काटा व्यवस्थित २४ च्या वर, इंजिन चालू केल्यावर २८. म्हणाला चार्जिंग एकदम ओके आहे, गाडीत काही तरी चालू राहतंय, ड्रायव्हरला विचारा. पंधरा दिवसांनी परत तेच. मग ऑफिसातून आबांना मेमो. तिसऱ्या वेळी नवीन बॅटरी घ्यावी लागली आणि तिच्यातले तीन हजार आबांच्या पगारातून कापले. त्यांचा पगार किती असेल याचा तुम्हीच अंदाज करा.

आबा एकच गोष्ट सगळ्यांना सांगत होते, 'भाऊ, दोघांतली एकच बॅटरी पाणी पिते, दुसरी पीत नाही.' दर पंधरा दिवसांनी ते डिस्टिल वॉटर टाकायचे आणि दरवेळी एकाच बॅटरीत टाकावं लागायचं. बसवणाऱ्याला सांगितलं, कोऑर्डिनेटर साहेबांना सांगितलं, मलाही सांगितलं. मीही तेव्हा हं हं म्हणून सोडून दिलं, ते मला आजही टोचतं. सगळ्यांनी अर्थ एवढाच काढला की जी पाणी पिते ती खराब, तिच बदला. बदलली. नवीनही पाणी प्यायला लागली.

मग मी शहाद्यातून साडेचारशे रुपयांचा मल्टिमीटर आणला. सोमवारी सकाळी सेल्फ मारायच्या आधी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. एक १२.८, दुसरी ११.७. बेरीज २४.५, म्हणून काटा खूश. इंजिन चालू करून मोजलं तर पाणी पिणारीवर १५.२ आणि न पिणारीवर १२.९. बेरीज २८.१. काटा परत खूश. पंधराच्या वर रोज चार्ज होणारी बॅटरी उकळणारच, पाणी पिणारच, आणि १२.९ वर चार्ज होणारी कधीच पूर्ण भरणार नाही. म्हणजे खरी उपाशी होती ती पाणी न पिणारी, आणि आम्ही बदलली दुसरीच.

बॅटरीच्या पेटीत हात घातला तर दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या पट्टीवरून एक बारीक लाल वायर निघालेली, वर काळी टेप, फ्यूज नाही. मोठ्या बसला १२ च्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट करतात हे तुम्हाला माहीत असेलच. पार्टीने राउटर, नेटवर्कचा छोटा स्विच आणि टॅबचा चार्जर या सगळ्याला मधून १२ घेतले होते. गॅरेजमध्ये गाण्यांचा टेप लावायलासुद्धा लोक असंच मधून घेतात आणि 'काही होत नाही' म्हणतात. होतं. सगळा लोड एकाच बॅटरीवर पडतो आणि डायनामो मात्र दोघींना एकच करंट देतो, त्याला मधलं काही कळत नाही.

आता हिशोब करा. आमचा सगळा मिळून लोड १२ व्होल्टवर ०.९ अँपिअर होता. शनिवारी संध्याकाळी सहाला गाडी उभी केली की सोमवारी सकाळी सातपर्यंत ३७ तास, म्हणजे ३३ अँपिअर अवर त्या एकट्या बॅटरीतून गेले, आणि ती आधीच अर्धी उपाशी. रोज सकाळी गाडी चालू व्हायची आणि सोमवारीच बसायची ती यामुळे. लाईट चालू राहत असती तर बुधवारीही बसली असती ना. मेमोच्या तारखा मी कॅलेंडरवर बघितल्या, तिन्ही सोमवार. एवढं बघायला मल्टिमीटरही लागत नाही.

आणि सगळ्यात राग कशाचा आला माहितीये का, राउटरच्या मागच्या स्टिकरवर ९ ते ३६ व्होल्ट छापलेलं होतं. त्याला १२ ची गरजच नव्हती. थेट २४ वर चालला असता. बसवणाऱ्याने स्टिकर वाचला नाही आणि पगार ड्रायव्हरचा कापला.

मी सगळे आकडे कागदावर लिहून ऑफिसात दिले. कोऑर्डिनेटर साहेब म्हणाले, तुम्ही एक्सरेचे, इलेक्ट्रिकचं तुम्हाला काय कळतं. मी म्हटलं बेरीज कळते. खूप वाजलं त्या दिवशी. शेवटी शहाद्याच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने दहा मिनिटांत तेच सांगितलं, तेव्हा पटलं. पैसे मात्र आबांना परत मिळाले नाहीत, 'मागच्या वर्षाच्या खात्यात गेले' म्हणे. आबा दोन महिन्यांनी सोडून गेले. आता शाळेची बस चालवतात.

असो, तुमचं काम. मधून घेतलेली वायर आधी काढा. राउटर ३६ पर्यंत घेत असेल तर पूर्ण २४ वर टाका, काही राउटर ३० पर्यंतच घेतात आणि बस चालू असताना २८ च्या वर असतेच, तिथे मार्जिन उरत नाही, वर डायनामोचे झटके असतात, म्हणून तिथे २४ चे १२ करणारा चांगला कन्व्हर्टर मध्ये घाला, स्विच आणि टॅबच्या चार्जरलाही तोच वापरा. फ्यूज बॅटरीजवळ, राउटरजवळ नाही. वायर घासून शॉर्ट झाली तर आग मधल्या वायरीलाच लागणार ना.

गाडीसाठी बनवलेल्या राउटरला तीन वायरी असतात, लाल कायमची, काळी मायनस, आणि तिसरी चावीची. ही तिसरी वायर बहुतेक जण लालबरोबरच पिळून टाकतात कारण ऑनची लाईन शोधायचा कंटाळा. मग राउटरला चावी बंद झाल्याचं कधी कळतच नाही आणि तो चोवीस तास जागा राहतो. ती वायर चावी ऑनच्या लाईनवर घ्या, आणि सेटिंगमध्ये चावी बंद झाल्यावर किती वेळाने झोपायचं तो टाइम टाका. राउटर रात्री बंद ठेवावा का याचं उत्तर म्हणजे हो, पण हाताने नाही आणि लगेच नाही. आमचा एक एक्सरे साधारण १२ एमबीचा, दिवसाला पन्नास-साठ, अपलोड १ एमबीपीएस मिळालं तर एकाला दीड मिनिटाच्या वर लागतं. गाडी मुक्कामी आली आणि चावी काढताच राउटर मेला तर दिवसभराचं अडकलेलं तसंच राहतं. आम्ही दोन तास ठेवला होता. २४ वर तोच लोड ०.४५ अँपिअर, दोन तासांत एक अँपिअर अवरसुद्धा जात नाही, बॅटरीला पत्ताही लागत नाही. कमी व्होल्टेजला बंद व्हायची सेटिंग असेल तर २४ च्या गाडीत २४ टाका, लक्षात ठेवायला सोपं, पण ती काही सेकंद थांबून बंद होईल अशी ठेवा नाहीतर सेल्फ मारताना व्होल्टेज खाली जातं तेवढ्यात राउटर बंद पडेल आणि परत उठायला एक-दोन मिनिटं घेईल.

रेंजचं म्हणाल तर महागडा राउटर घेऊन रेंज वाढत नाही, अँटेना छपरावर नेल्याने वाढते. बस म्हणजे पत्र्याची पेटी, आत ठेवलेल्या अँटेनाला काय मिळणार. पण छपरावर नेताना वायर गरजेपुरतीच लांब ठेवा. हलक्या आरजी-५८ वायरीत ४जीच्या वरच्या फ्रिक्वेन्सींना मीटरमागे साधारण एक डीबी (सिग्नलची घट मोजायचं माप) जातो, तीन मीटर म्हणजे तीन डीबी, निम्मा सिग्नल वायरीतच संपला. उरलेली वायर गुंडाळून सीटखाली ठेवणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार, ती कापून नवीन कनेक्टर मारा. आणि ४जीच्या दोन अँटेना असतात, दोन्ही लावा, एक लावून 'चालतंय की' म्हणू नका.

अजून एक, हे आमच्याकडे झालंय. सिमच्या आणि वायफायच्या अँटेनाचे आटे सारखेच असतात पण मधली पिन उलटी असते, एकाला एसएमए म्हणतात दुसऱ्याला आरपी-एसएमए. वायफायची अँटेना सिमच्या जागी घट्ट बसते, हलत नाही, दिसायला परफेक्ट, पण आत भोकासमोर भोक, काहीही टेकलेलं नाही. आमच्याकडे तीन आठवडे 'या भागात रेंजच नाही' चालू होतं. राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी नावाचा, म्हणजे टॉवरच्या सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघा, उणे ९० च्या आसपास असेल तर मस्त, उणे ११० च्या पुढे गेला तर मोठी फाइल पाठवायचा नाद सोडा. शहरात, टॉवर समोर दिसत असताना उणे ११५ दाखवत असेल तर अँटेना चुकलीये, टॉवर नाही.

दोन सिम दोन कंपन्यांची ठेवा. बीएसएनएलचं ४जी ७०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २८ वरही आहे, ते डोंगरात लांब जातं, पण तुमच्या राउटरमध्ये बँड २८ आहे का हे घेण्याआधी बघा, नसेल तर गावात मोबाइलला रेंज आणि राउटरला नाही असं होईल. आणि एवढं करूनही काही पाड्यांवर काहीच मिळणार नाही. तिथे हट्ट करू नका, एक्सरे लॅपटॉपवर साठवा, रेंजमध्ये आलात की आपोआप जातील असं सॉफ्टवेअरमध्ये लावून घ्या. आम्ही घाटाच्या माथ्यावर दहा मिनिटं गाडी उभी करायचो. ती जागासुद्धा आबांनीच शोधली होती, त्यांच्या फोनला तिथे घरचे फोन लागायचे.

राहिलेलं पटकन सांगतो. ट्रॅकिंगच्या यंत्रांसाठी १३ आकडी नंबरचं सिम मिळतं, ते राउटरमध्ये टाकू नका, ते ठरवून दिलेल्या पत्त्यांशीच बोलतं, इंटरनेट चालणार नाही. बसमध्ये एआयएस-१४० चं, म्हणजे गाड्यांसाठीच्या सरकारी मानकाचं लोकेशनचं यंत्र आणि लाल पॅनिक बटणं असतील तर त्याच्या वायरीतून राउटरला सप्लाय घेऊ नका, ते कायद्याने लावायला लागणारं यंत्र आहे, त्याला स्वतःची कायमची लाईन हवी. मी इलेक्ट्रिशियन नाही हेही खरं, माझे आकडे एका बसचे आहेत, तुमची गाडी छोटी १२ व्होल्टची असेल तर मधून घेण्याचा प्रश्नच येत नाही, तिथे चावीची वायर आणि रात्रभराचा लोड एवढंच बघा. डायनामो खरंच कमी देत असेल हीसुद्धा शक्यता आहे. आणि ड्रायव्हरकडून लाईट कधी राहतच नाही असंही मी म्हणत नाही, पण ते सगळ्यात शेवटी तपासा.

बॅटऱ्या बदलायच्या झाल्या तर दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या आणि एकाच बॅचच्या बदला, एक नवी एक जुनी चालत नाही. त्याआधी सोमवारी सकाळी दोन्ही वेगवेगळ्या मोजा, तुमच्या ड्रायव्हरला शेजारी उभं करा आणि त्यांना विचारा पाणी कुठल्या बॅटरीत जास्त लागतं. त्यांचा पगार कापला असेल तर तो या महिन्याच्या आत परत करा, वर्ष उलटलं की ऑफिसवाले खातं दाखवतात.