डोस दिला म्हणून झटके सुरू झाले का?

प्रश्न: ताई नमस्कार. माह्या पोराले पाच महिन्याचा असताना लसीचा तिसरा डोस दिला, त्याच रात्री ताप चढला अन् अर्धा घंटा झटका चालला. आता दोन वर्षाचा आहे, ताप आला की झटका येतेच, बोलणंबी मागं पडलं. नागपूरच्या डॉक्टरनं ड्रॅव्हेट नावाचा आजार वाटते म्हणून जीनची तपासणी सांगितली. सासूबाई म्हणतात तूच डोसाले नेलं म्हणून झालं. खरंच माही चूक आहे का? अन् तुम्ही या आजारासाठी उंदरांवर काम करता म्हणे, त्यातून आमच्या लेकराले काय भेटणार?
— एक आई, दारव्हा तालुका

उत्तर: नाही ताई, तुमची चूक नाही, आणि हे सासूबाईंनाही वाचून दाखवा. डोसामुळे मेंदू बिघडला असं सांगितलेल्या १४ जणांची २००६ साली ऑस्ट्रेलियात जीन तपासणी केली, तर ११ जणांत एससीएन१ए या जीनमध्ये बिघाड सापडला, ड्रॅव्हेट बहुतेक याच जीनच्या बिघाडानं होतो. म्हणजे आजार आधीपासूनच होता, डोसाच्या तापानं पहिला झटका दिसला इतकंच, तो ताप सर्दीचा असता तरी तसंच झालं असतं. हा बिघाड बहुतेक वेळा लेकरात नव्यानंच होतो, आईबापाकडून क्वचित येतो, म्हणून तुमच्या दोघांचंही रक्त मागतील, घाबरू नका. पुढचे डोस मात्र डॉक्टरला विचारूनच, तापाचं औषध कधी द्यायचं तेही विचारून ठेवा.

आता उंदरांचं. मेंदूत काही पेशी बाकीच्यांना शांत ठेवतात, बैलाच्या वेसणीसारखं त्यांचं काम. हाच जीन बिघडवलेल्या उंदरांत २००६ सालीच दिसलं की सोडियम आत घेणारी दारं नेमकी या शांत करणाऱ्या पेशींतच कमी पडतात, मग त्यांची वेसण ढिली पडते. त्यातून एक कोडं सुटलं. फिटवर नेहमी देतात त्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइन गोळ्या हीच दारं बंद करतात, वेसण आणखी ढिली होते, म्हणून ड्रॅव्हेटच्या लेकरांचे झटके उलट वाढू शकतात. डॉक्टरांना हे अनुभवानं आधीच दिसलं होतं, कारण या उंदरांमुळे कळलं. जीनच्या दोन प्रतींपैकी जी चांगली आहे ती जास्त काम करेल अशा औषधाच्या मुलांवर चाचण्या चालू आहेत, पण तुमचं पोरगं उद्या बरं होईल असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. माझ्यासारखे नवीन संशोधक यातच डोकं घालून बसलोत.

झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा नको, कांदा चप्पल हुंगवू नका, पाच मिनिटांत थांबला नाही तर लगेच दवाखाना. आणि आज संध्याकाळी गोळ्यांच्या पाकिटावरची नावं बघा, वरच्या दोनपैकी एखादी दिसली तर स्वतःहून बंद करू नका, अचानक बंद केल्यानंही झटके वाढतात, नागपूरच्या डॉक्टरांनाच फोन करून विचारा.