नवेगाव खैरीला पक्षी बघायला निघालास, तर आधी पाण्याची पातळी बघ

नवीन मंडळी दुर्बीण थेट पाण्यावर लावतात. तू काठापासून सुरुवात कर. नवेगाव खैरी हे नागपूर जिल्ह्यातलं पेंच नदीवरचं धरण. त्याच्या वर, तोतलाडोह धरणाला, १६० मेगावॅटचं वीजघर आहे. तिथून सुटलेलं पाणी खाली नवेगाव खैरीत अडतं, मग शेतीला आणि नागपूरच्या नळांना जातं. हिवाळ्यात पातळी उतरली की ओल्या गाळावर कोवळं गवत येतं आणि तिबेट-लडाखकडून आलेले पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस) त्यावरच चरतात. खाली बसून पाहा: शेंडे कातरल्यासारखे, मध्ये हिरवट विष्ठा. ही त्यांची जागा.

याच पट्ट्यात गाळपेरही होते, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात. शेतकऱ्यांशी वाद घालू नकोस, त्यांचंही पोट त्यावर आहे. गवताचा एखादा तुकडा नांगराविना ठेवता येईल का, एवढं आपुलकीनं विचार. गाडी मात्र गवतावर कधीच नेऊ नको, चाकोऱ्या पडल्या की ओल निघून जाते.

प्रत्येक नोंदीत पक्ष्यांच्या आकड्याशेजारी त्या दिवशीची पातळी लिही. ती जलसंपदा विभागाकडे असते. उन्हाळ्यात नदीसुरय हे पाणपक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतात आणि पाणी अचानक चढलं तर घरटी बुडतात. धरणातून पाणी टप्प्याटप्प्यानं सोडा म्हणून अर्ज करायचा, तर हीच वही सोबत लागते.